राउटरचे फर्मवेअर बदलावे की आहे तेच ठेवावे?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची असल्याने ती या वेळी एकत्र घेतली आहेत. राउटरच्या फ्लॅश मेमरीत कायम बसवलेल्या आणि ते यंत्र चालवणाऱ्या प्रणालीला फर्मवेअर म्हणतात. ते कंपनीने दिलेले असते, किंवा ते पुसून त्या जागी ओपनडब्ल्यूआरटी, डीडी-डब्ल्यूआरटी, फ्रेशटोमॅटो यांसारखे, स्वयंसेवकांनी तयार केलेले दुसरे फर्मवेअर घालता येते. पत्रलेखकांनी कळवलेली कंपन्यांची नावे उत्तरासाठी आवश्यक नसल्याने गाळली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे १०० एमबीपीएसची फायबर जोडणी आणि चार वर्षांपूर्वी घेतलेला राउटर आहे. मुलगा गेम डाउनलोड करायला लागला की मुलीचा ऑनलाइन वर्ग अडखळतो, शिकवणाऱ्यांचा आवाज तुटत येतो. कंपनीच्या संकेतस्थळावर आमच्या मॉडेलसाठी अडीच वर्षांत नवे फर्मवेअर आलेले नाही. माझा भाचा म्हणतो, "मावशी, ओपनडब्ल्यूआरटी टाकून देतो, राउटर नव्यासारखा पळेल." टाकू द्यावे का?
– एक वाचिका, मिरज

उत्तर : भाच्याचे म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि राहिलेले अर्धे फसवे आहे. आपल्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत, त्या आधी सुट्या करू.

अडीच वर्षे अद्ययावत फर्मवेअर न येणे ही माझ्या मते अधिक गंभीर बाब आहे, कारण तिचा त्रास घरात कोणालाच जाणवत नाही. राउटर हा घरातला असा संगणक आहे की जो दिवसरात्र इंटरनेटला उघडा असतो आणि ज्याच्याकडे आपण वाय-फायचा पासवर्ड बदलण्यापलीकडे कधी बघत नाही. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर हा घातक प्रोग्राम उघडकीस आला, तेव्हा ५४ देशांतील किमान पाच लाख उपकरणांत तो शिरला असल्याचा सिस्कोच्या संशोधकांचा अंदाज होता, आणि अमेरिकेच्या एफबीआयला लोकांना आपापले राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्याचे आवाहन करावे लागले होते. ती उपकरणे एकाच कंपनीची नव्हती, आणि त्यांतील बऱ्याचशांमधील त्रुटी आधीपासून जगजाहीर होत्या. म्हणून फर्मवेअरची निवड करताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो की, आजपासून दोन वर्षांनी या यंत्रातील भोक कोण बुजवणार आहे. कंपनी बुजवत असेल तर कंपनीचेच फर्मवेअर ठेवावे. तिने हात काढून घेतला असेल तरच दुसऱ्या दाराकडे वळावे.

हे दुसरे दार उघडले कसे, तेही थोडक्यात सांगतो. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स ही खुली प्रणाली वापरली असल्याचे २००३ मध्ये लक्षात आले, आणि लिनक्सच्या परवान्यानुसार कंपनीला त्याचा स्रोत, म्हणजे मूळ प्रोग्राम, खुला करावा लागला. त्या स्रोतावर काम करत २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभे राहिले. त्याच्या नावातला 'डब्ल्यूआरटी' तिथून आला. पुढे गंमत अशी झाली की चिप बनवणाऱ्या क्वालकॉमने राउटर बनवणाऱ्यांना पुरवलेला सॉफ्टवेअर संच ओपनडब्ल्यूआरटीवरच बेतलेला होता. त्यामुळे दुकानातून आणलेल्या पुष्कळ राउटरांत कंपनीच्या रंगीत पानांखाली ओपनडब्ल्यूआरटीचीच एखादी जुनी आवृत्ती, चिप-उत्पादकाच्या बंदिस्त ड्रायव्हरसह (चिपकडून काम करून घेणाऱ्या प्रोग्रामसह), चाललेली असते. 'कंपनीचे' आणि 'बाहेरचे' यांच्यात लोक समजतात तेवढी मोठी भिंत नाही.

आता वर्ग अडखळण्याविषयी. पिठाच्या गिरणीत एखाद्याने पन्नास किलोची पाच पोती लावून ठेवली आणि मागून आपण किलोभराचा डबा घेऊन गेलो, तर गिरणी कितीही वेगाने दळत असली तरी आपल्याला ताटकळावेच लागते. गेमचा डाउनलोड ही ती पोती आणि शिकवणाऱ्यांचा आवाज हा तो डबा होय. बरेच राउटर आणि पुरवठादारांची यंत्रे आलेली माहितीची सगळी पाकिटे एकाच लांब रांगेत उभी करतात. या दोषाला बफरब्लोट असे नाव आहे. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये एसक्यूएम नावाचा भाग वेगळा बसवता येतो. त्यातील केक ही पद्धत रांग छोटी ठेवते आणि प्रत्येकाचे थोडेथोडे आळीपाळीने दळून देते. तिच्यासाठी जोडणीच्या प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के इतका वेग भरावा लागतो, म्हणजे रांग पुरवठादाराच्या यंत्रात न साचता आपल्या राउटरात, आपल्या ताब्यात राहते. थोडक्यात, शंभराचे नव्वद एमबीपीएस करून वर्ग सुरळीत करायचा हा सौदा आहे. 'नव्यासारखा पळेल' हे वाक्य म्हणूनच फसवे आहे. उलट कित्येक मॉडेलांत बाहेरचे फर्मवेअर घातल्यावर वाय-फायचा सर्वोच्च वेग कमी भरतो, कारण चिप-उत्पादकाचा बंदिस्त ड्रायव्हर त्या चिपमधून जेवढे काम काढून घेतो, तेवढे खुल्या ड्रायव्हरला नेहमी जमत नाही. शिवाय केकचे काम प्रोसेसरला स्वतः करावे लागते. शंभराच्या जोडणीला मीडियाटेक एमटी७६२१ सारखी मध्यम चिप सहज पुरते. पाचशेच्या जोडणीला तिला धाप लागते.

पण रोग हाच आहे याची आधी खात्री करून घ्या. लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा, घरात कोणी काही डाउनलोड करत नसताना पिंग (एक संदेश जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालवा आणि आकडे लिहून ठेवा. मग मुलाला गेम उतरवायला सांगून तेच आकडे पुन्हा बघा. पंधरा-वीस मिलिसेकंदांचे दोनशे-तीनशे झाले तर दुखणे रांगेचे आहे. केबलवर आकडे जागचे हलले नाहीत आणि वर्ग मात्र वाय-फायवरच तुटत असेल, तर दोष भिंतींचा आणि शेजाऱ्यांच्या राउटरांच्या गर्दीचा आहे, आणि त्यावर फर्मवेअर हे औषध नव्हे.

खात्री झाल्यावर राउटर उलटा करून तळाचे लेबल वाचा. मॉडेलच्या नावापुढे बारीक अक्षरांत व्हर्जन छापलेले असते आणि सगळा खेळ त्या एका आकड्यावर आहे. आपल्याकडे घरोघरी दिसणारा टीएल-डब्ल्यूआर८४१एन हा राउटर घ्या. त्याच्या तेराव्या व्हर्जनमध्ये ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम (चालू कामापुरती मेमरी) आहे, तर चौदाव्यात ती ४ आणि ३२ वर आली. म्हणजे नंतरचे व्हर्जन आधीच्यापेक्षा लहान. ओपनडब्ल्यूआरटीच्या सध्याच्या आवृत्त्यांना किमान ८ आणि ६४ लागतात, आणि तेवढ्यातही ओढाताणच होते. १६ आणि १२८ असतील तर एसक्यूएमसारखे भाग सुखाने बसतात. आर्चर सी६ या राउटरमध्ये दुसऱ्या व्हर्जनला क्वालकॉमची चिप आहे आणि तिसऱ्याला मीडियाटेकची; नाव तेच, डबा जवळपास तसाच, पण एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही. आत ब्रॉडकॉमची वाय-फाय चिप निघाली तर ओपनडब्ल्यूआरटीचा विचार सोडून द्यावा, कारण तिच्या खुल्या ड्रायव्हरची अवस्था वर्षानुवर्षे वाईट आहे. तिथे डीडी-डब्ल्यूआरटी किंवा फ्रेशटोमॅटोमध्ये आपले मॉडेल आहे का ते बघावे. एसुसचा राउटर असेल तर एसुसडब्ल्यूआरटी-मर्लिन हा मधला मार्ग आहे. तो कंपनीच्याच फर्मवेअरवर बेतलेला असल्याने ड्रायव्हर कंपनीचे राहतात, मात्र कंपनीने एखाद्या मॉडेलचा पाठिंबा काढला की कालांतराने मर्लिनही ते मॉडेल सोडतो.

लेबल न वाचण्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. काही वर्षांपूर्वी एका मित्रासाठी मी अमुक व्हर्जनचा राउटर ऑनलाइन मागवला, चित्रात तेच व्हर्जन होते, आणि मी खोक्यावरचे नाव बघून पुढचे न वाचता आधीच उतरवून ठेवलेली फाइल चढवली. पुढचे दोन तास एकच दिवा लुकलुकत राहिला. या प्रकाराला इंग्रजीत 'ब्रिक' होणे म्हणतात, आणि मराठीतही राउटरची वीट झाली असे म्हटले तर काही बिघडत नाही.

आपले व्हर्जन ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावरील यादीत असेल तर पुढचा क्रम सांगतो. ओपनडब्ल्यूआरटीच्या फाइलबरोबरच कंपनीचे मूळ फर्मवेअरही आधी उतरवून ठेवा, म्हणजे परतीची वाट राहील. जोडणी पीपीपीओई पद्धतीची असेल तर तिचे वापरकर्तानाव व पासवर्ड वहीत लिहून घ्या. जुन्या राउटरच्या पानावर तो पासवर्ड ठिपक्यांनी झाकलेला असतो आणि पुसल्यावर परत मिळत नाही, मग पुरवठादाराच्या ग्राहकसेवेत तासभर संगीत ऐकावे लागते. फाइलची शा-२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली का, हे तपासण्याची खूण) संकेतस्थळावरील बेरजेशी ताडून पाहा. मूळ फर्मवेअरवरून येताना बहुधा 'फॅक्टरी' नावाची फाइल लागते, 'सिसअपग्रेड' नावाची नंतरच्या बदलांसाठी असते. तरी आपल्या मॉडेलच्या पानावर जे लिहिले असेल तेच प्रमाण मानावे. हे काम वाय-फायवरून करू नका, केबल लावा, आणि राउटर व लॅपटॉप दोन्ही बॅटरीच्या आधारावर असल्याशिवाय सुरुवात करू नका. भारनियमनात राउटर चालू राहावा म्हणून बारा व्होल्टचा जो छोटा यूपीएस मिळतो, तो इथे खरा कामाला येतो, कारण फ्लॅश लिहिली जात असतानाच्या दोन-तीन मिनिटांत वीज जाणे हे या सगळ्या उद्योगातील सर्वांत मोठे भय आहे.

नवीन फर्मवेअर बसल्यावर राउटर १९२.१६८.१.१ या पत्त्यावर सापडतो (पत्ता अर्थात इंग्रजी अंकांत टाइप करावा). तिथे पासवर्ड नसतो आणि वाय-फाय बंद असते. मोबाइलवर घरच्या वाय-फायचे नाव दिसेनासे झालेले बघून अनेकांचा धीर इथेच सुटतो आणि ते घाबरून रीसेटचे बटण दाबत बसतात. प्रत्यक्षात हे हेतुपुरस्सर तसे ठेवलेले असते. केबलनेच आत जाऊन आधी पासवर्ड लावावा, मग वाय-फाय सुरू करून देश म्हणून भारत निवडावा.

राहता राहिला भाचा. ओपनडब्ल्यूआरटी एकदा घातले की विसरून गेले, असे करता येत नाही. त्याची २३.०५ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिचा पाठिंबा संपला. दरम्यान फेब्रुवारी २०२५ मध्ये २४.१० आली होती. म्हणजे वर्ष-दीड वर्षाने कोणीतरी बसून मोठा बदल करायचा, आणि मधल्या सुरक्षाविषयक दुरुस्त्याही वेळच्या वेळी चढवायच्या. १९.०७ वरून २१.०२ वर जाताना तर काही मॉडेलांच्या सेटिंग्ज पूर्ण नव्याने भराव्या लागल्या होत्या. भाचा मिरजेतच असेल आणि हे काम आपल्या अंगावर घेत असेल, तर माझे उत्तर 'टाकू द्यावे' असे आहे. तो दिवाळीनंतर पुण्याला किंवा बंगळूरला निघून जाणार असेल, तर ज्याच्या पाठिंब्याची मुदत शिल्लक आहे असा नवा राउटर घ्यावा आणि कंपनीचेच फर्मवेअर ठेवावे. विसरलेले ओपनडब्ल्यूआरटी हे विसरलेल्या मूळ फर्मवेअरइतकेच भोकांचे असते.

प्रश्न : फायबर बसवताना पुरवठादाराने दिलेला पांढरा डबा हाच माझा राउटर आहे. त्यातील सेटिंग्ज अर्ध्याअधिक कुलूपबंद आहेत. त्यात ओपनडब्ल्यूआरटी घालता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : त्याला हात लावू नये. तो नुसता राउटर नसून ओएनटी, म्हणजे फायबरमधील प्रकाशाचे रूपांतर करणारे टोकाचे यंत्र आहे. पुरवठादाराच्या केंद्रातील यंत्रणा त्याला त्याच्या अनुक्रमांकावरून ओळखते आणि दूरवरून त्याची जुळणी करते. आतले फर्मवेअर बदलले तर ती ओळख तुटून जोडणीच बंद पडण्याची शक्यता असते, आणि तो डबा बहुतेक वेळा आपल्या मालकीचाही नसतो.

त्याच्यामागे स्वतःचा राउटर लावणे हाच सरळ उपाय आहे. पुरवठादार तयार असेल तर ओएनटीला ब्रिज मोडमध्ये (म्हणजे राउटरचे काम सोडून जोडणी नुसती पुढे देण्याच्या अवस्थेत) टाकून घ्यावे आणि पीपीपीओईची माहिती व व्हीलॅनचा (पुरवठादाराच्या जाळ्यातील आपल्या वाहतुकीच्या गटाचा) क्रमांक विचारून तो आपल्या राउटरमध्ये भरावा. ब्रिज मोड मिळत नसेल तर आपला राउटर ओएनटीच्या लॅन दाराला जोडून ओएनटीचे वाय-फाय तेवढे बंद करावे. मग पत्त्यांचे भाषांतर, म्हणजे घरातल्या खासगी पत्त्यांचे बाहेरच्या पत्त्यात रूपांतर, दोनदा होते, हे खरे. पण आपल्याकडे अनेक पुरवठादार घरगुती ग्राहकांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाहीत आणि त्यांच्या केंद्रात ते भाषांतर एकदा होतच असते. बाहेरून घरातला कॅमेरा थेट उघडणे अशी काही गरज नसेल, तर एवढ्यासाठी जीव टांगणीला लावू नये. कोणते फर्मवेअर, हा प्रश्न या दुसऱ्या राउटरपुरता उरतो आणि त्याला वरचेच उत्तर लागू पडते. प्रयोग करताना काही चुकलेच तर ओएनटीचे वाय-फाय पुन्हा सुरू करून घर चालू ठेवता येते, ही सोय लहान नाही.

प्रश्न : आमचे घर जांभ्या दगडाचे आहे. मागच्या पडवीत वाय-फाय पोचत नाही. डीडी-डब्ल्यूआरटी घातल्याने राउटरची ताकद वाढवता येते असे ऐकले.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : जांभ्याची फूटभर जाडीची भिंत फर्मवेअरने पातळ होत नाही. पॉवरचा आकडा वाढवण्याची जागा त्या फर्मवेअरमध्ये असते, परंतु परवान्याशिवाय वापरण्याच्या लहरींना सरकारने शक्तीची मर्यादा घातलेली आहे आणि ती ओलांडण्यासाठी देश बदलून लिहिणे बेकायदेशीर आहे. शिवाय त्याचा उपयोगही होत नाही. राउटर ओरडू लागला तरी पडवीतला मोबाइल तेवढ्याच हळू आवाजात उत्तर देणार, आणि ते उत्तर राउटरपर्यंत पोचले नाही तर संभाषण होणार कसे? देश चुकीचा भरल्याने उलट तोटा संभवतो. भारतात २०१८ पासून ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा बराच मोठा भाग परवानामुक्त झालेला आहे, तो दुसऱ्या देशाच्या नियमांत कदाचित बंद असेल. पडवीपर्यंत लॅनची केबल ओढून तिथे जुना राउटर अॅक्सेस पॉइंट, म्हणजे नुसते वाय-फाय देणारे यंत्र, म्हणून लावावा. त्यासाठी मूळ फर्मवेअरही चालते.

प्रश्न : मी ब्रिटनमध्ये लीड्स येथे राहतो. आईवडील वाई येथे असतात. मला ओपनडब्ल्यूआरटीची सवय आहे. डिसेंबरात येईन तेव्हा त्यांच्याकडेही तेच बसवून इथून देखभाल करावी असा विचार आहे. आपले मत कळवावे.
– एक वाचक, लीड्स

उत्तर : आपल्या लीड्सच्या घरी खुशाल ठेवा, वाईला ठेवू नका. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजलेले असताना वाईत सकाळी साडेसातच्या सुमारास नेट बंद पडेल, वडील पुरवठादाराच्या माणसाला बोलावतील, आणि तो माणूस अनोळखी पान बघून एकतर हात वर करेल किंवा रीसेट दाबून मोकळा होईल. रीसेटनंतर ओपनडब्ल्यूआरटीचे वाय-फाय बंदच असते, हे वर आलेच आहे. कंपनीच्या फर्मवेअरची पाने त्याने शंभर घरी पाहिलेली असतात. त्या घराच्या दृष्टीने ही ओळखच सर्वांत मोलाची आहे.

निवड करताना आपल्या तिथल्या कायद्याचा एक फायदा करून घ्या. एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये अशा उपकरणांच्या उत्पादकांना सुरक्षाविषयक दुरुस्त्या किमान कोणत्या तारखेपर्यंत देणार ते जाहीर करावे लागते. वाईसाठी मनात असलेले मॉडेल तिथेही विकले जात असेल तर ब्रिटनच्या पानावर ती तारीख सापडेल. भारतातील व्हर्जन वेगळे असू शकते हे लक्षात ठेवून ती अंदाजापुरतीच धरावी, पण दोन मॉडेलांत डावेउजवे करायला तेवढी पुरते. बसवल्यावर स्वयंचलित अपडेट चालू करावे, त्याची वेळ पहाटेची ठेवावी, आणि बाहेरून राउटरचे पान उघडण्याची सोय असेल तर ती बंद करावी.

लांबून डोकावण्याची सोय हवीच असेल तर दिशा उलटी ठेवा. वाईच्या जोडणीला सार्वजनिक पत्ता नसेल तर लीड्सहून तिथे थेट पोचता येणार नाही. मात्र वाईच्या बाजूने निघालेला वायरगार्डचा बोगदा (इंटरनेटवरून दोन घरांना जोडणारी कुलूपबंद वाट) आपल्या लीड्सच्या ओपनडब्ल्यूआरटीपर्यंत येऊ शकतो, तिथला पत्ता सार्वजनिक असला म्हणजे झाले. काही कंपन्यांच्या मूळ फर्मवेअरमध्ये वायरगार्डने बाहेर जोडून घेणारा भाग (क्लायंट) आता असतो, तेवढे खरेदीपूर्वी तपासा.

आणि डिसेंबरात आलात की त्यांचा सध्याचा राउटर टाकून देऊ नका. तो मूळ फर्मवेअरसह, वाय-फायचे नाव व पासवर्ड नव्याचेच भरून, पीपीपीओईची माहिती घालून, एकदा चालवून बघा आणि अडॅप्टरसकट कपाटात ठेवा. नव्या राउटरला येणाऱ्या केबलवर लाल चिकटपट्टी लावा आणि तशीच पट्टी जुन्याच्या ज्या दारात ती केबल जाणार त्याच्यावरही लावा. नवा बंद पडलाच, तर जुने फर्मवेअर तेवढे दोन-चार दिवस चालले तर चालेल, आणि लाल पट्टीची वायर लाल पट्टीच्या भोकात घाला, एवढे आईला फोनवर सांगता येते.